धारावीचा फोटो म्हणजे नालाच का?

कुंभारवाड्यातला:
परवा कॅमेरेवाल्या हौशी मंडळींचा घोळका आमच्या गल्लीत शिरला. शेजारच्या मावशींनी उलट्या टोपल्यांवर पापड वाळत घातले होते. कॅमेरे मात्र सगळे नाल्याकडे. दारातल्या पोराला तर एकाने चक्क 'हसू नकोस' म्हणून सांगितलं! धारावीतल्याच 'तेरा कंपाउंड' भागात भंगारातून प्लास्टिकचे दाणे निघतात, इथल्या चामड्याच्या बॅगा कुठल्या कुठे जातात, ते कुणाला टिपायचं नाही. कथा-कादंबऱ्यांतही वस्ती आली की दारू, शिव्या, चाकू.

आडवाट:
मग नामदेव ढसाळांचं काय करायचं? मुंबईच्या वेश्यावस्तीवरच्या त्यांच्या १९७२ च्या 'गोलपिठा' या कवितासंग्रहात कुठे पापड आहेत? त्याची प्रस्तावना लिहिण्याआधी नाटककार विजय तेंडुलकर त्यांच्याबरोबर तो भाग फिरले, कित्येक शब्दांचे अर्थ त्यांना विचारावे लागले. पांढरपेशांना ठसका लागला, तो लागायलाच हवा होता. 'चांगली बाजू दाखवा' हे बिल्डर आणि नगरसेवकांच्या पथ्यावर पडतं. सगळं झकास चाललंय तर संडास कशाला बांधायचे?

कुंभारवाड्यातला:
चांगली बाजू दाखवा असं मी म्हटलंय कुठे? ढसाळ तिथेच वाढले, टॅक्सी चालवली. त्यांची शिवी घरातली. हे लोक दोन तासांत येऊन जातात.

रीळवाली:
घरातला-बाहेरचा एवढ्यावर भागत नाही हो. फोटोग्राफर मेरी एलन मार्क अमेरिकन. मुंबईच्या फॉकलंड रोडवरच्या वेश्यावस्तीत सुरुवातीला बायकांनी तिच्या अंगावर कचरा टाकला, पाणी ओतलं. तरी जात राहिली, १९७८ मध्ये मुक्कामच ठोकला, आणि ओळख झाल्यावर खोल्यांची दारं उघडली. १९८१ चं तिचं ते फोटोंचं पुस्तक मी पुन्हापुन्हा बघते. पण एक खटकतंच: लेखक नाव बदलू शकतो, फोटोत चेहरा आहे तसाच राहतो. त्यातल्या एखादीने पुढे गावी जाऊन संसार थाटला असेल तर?

आडवाट:
म्हणून डोळ्यांवर काळी पट्टी मारायची? त्याने बाई आरोपी दिसते. उलट त्या थेट लेन्समध्ये बघतात, तीच त्या फोटोंची ताकद आहे.

रीळवाली:
ताकद बघणाऱ्यासाठी. जोखीम तिची.

कुंभारवाड्यातला:
जोखमीचं सोडा, आमच्याकडे साधा फोटोसुद्धा परत येत नाही. मावशींनी त्या 'हसू नकोस'वाल्याला विचारलं, पोराचा फोटो कधी देणार? 'व्हॉट्सॲपवर टाकतो' म्हणाला. नंबर न घेताच गेला.