मदत हवी आहे: दहावीच्या इंग्रजीत सारांश जमत नाही

भाची मराठी माध्यमात दहावीला आहे. राज्य मंडळ, इंग्रजी तृतीय भाषा. ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत धड्यावरचे प्रश्न ती छान सोडवते. अडतं ते पुस्तकाबाहेरच्या उताऱ्यावर. सारांश लिही म्हटलं की उताऱ्यातलीच वाक्यं जशीच्या तशी उतरवते. व्याकरणाचंही तेच, व्हॉइस बिनचूक बदलते, पण पत्रात ‘शी डझंट गोज’ लिहून ठेवते.

जुन्या कृतिपत्रिका सोडवून झाल्या. गाइडमधली उत्तरं पाठ करणं बंद केलं, ते बरंच झालं. गावात क्लास नाही, मोबाइल संध्याकाळी तासभरच हातात येतो, म्हणून व्हिडिओ नकोत. शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्यांना कळकळीची विनंती: स्वतःच्या शब्दांत सारांश लिहायला मुलांना पहिली पायरी कोणती देता? आणि माझं इंग्रजी जेमतेम आहे, तर तिचं लिखाण घरी तपासू कसं?