मोठ्या शोरूममधून उंची म्युझिक सिस्टिम घेतानाचे अनुभव

षड्ज
भाचीच्या नव्या घरासाठी टीव्ही पाहायला आम्ही पुण्यात सातारा रस्त्यावरच्या एका मोठ्या शोरूममध्ये गेलो होतो. साउंडबारच्या रांगेपलीकडे महागड्या स्पीकर्सची एक जोडी मांडलेली दिसली आणि पूर्वी स्वतःसाठी केलेली अशीच खरेदी आठवली. त्या वेळी मी विलंबित ख्याल लावण्याची विनंती केली असता विक्रेत्याने “सर, यात बेस कळणार नाही” असे म्हणून भिंती हादरवणारे एक गाणे लावले होते. तानपुऱ्याच्या तारा सुट्या ऐकू येतात की त्यांचा नुसता गुंजारव होतो, एवढेच मला पाहायचे होते. आपल्यापैकी अनेकांनी अशी खरेदी केली असेल, तेव्हा अनुभव अवश्य लिहावेत.

निवृत्त अभियंता
शोरूममध्ये सर्वांत मोठी दिशाभूल आवाजाच्या पातळीमुळे होते. समजा, एकाच अँप्लिफायरला जोडलेल्या दोन जोड्यांपैकी एकीची संवेदनक्षमता (म्हणजे ठरावीक वॅटला ती किती मोठ्याने वाजते) 85 डेसिबल आणि दुसरीची 91 डेसिबल आहे. बटण दाबून जोडी बदलताच दुसरी मोठ्याने वाजते आणि मोठ्याने वाजणारे आपल्या कानाला चांगले वाटते. तो 6 डेसिबलचा फरक भरून काढायला पहिल्या जोडीला चौपट वॅट द्यावे लागतात. म्हणून प्रत्येक वेळी आवाज कानाने सारखा करून मागावा. खोक्यावरच्या पीएमपीओच्या (क्षणिक कमाल ताकदीच्या) आकड्याकडे पाहूच नये, कारण तो मोजण्याची सर्वमान्य पद्धतच नाही. आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद किती वॅट, एवढे विचारावे.

पेठेतली श्रोती
आम्हाला “मॅडम, लाइटिंग सात रंगांत बदलते” असे सांगण्यात आले होते. विलंबित एकतालाला कोणता रंग शोभेल, असे विचारल्यावर तो मुलगा बिचारा आपल्या वरिष्ठांना बोलवायला गेला.

मंद्र सप्तक
नगर रस्त्यावरच्या एका मॉलमध्ये मी लाखाच्या घरातली एक जोडी ऐकत होतो. गायकाचा आवाज दोन्ही स्पीकर्सच्या मधोमध येण्याऐवजी खोलीभर विखुरल्यासारखा वाटत होता आणि खर्ज तर जवळजवळ नव्हताच. विक्रेता “हाय-एंडमध्ये बेस असाच क्लीन असतो” असे सांगत राहिला. मी परवानगी घेऊन मागे वाकून पाहिले, तर उजव्या स्पीकरची लाल वायर काळ्या टर्मिनलला आणि काळी लाल टर्मिनलला जोडलेली होती. म्हणजे एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जात होता आणि खालचे स्वर एकमेकांना खोडून काढत होते. वायर फिरवल्याबरोबर तबल्याचा डग्गा उमटला. किती गिऱ्हाइकांनी ती जोडी तशीच ऐकून नापसंत केली असेल, कोण जाणे!

सिंहगड रस्तावासी
मंद्र सप्तक, आपला किस्सा वाचून हसू आले आणि रागही आला. आमचा प्रश्न मात्र निराळा होता. शोरूमच्या प्रशस्त मजल्यावर भारदस्त वाटलेले उभे स्पीकर आमच्या फरशी, काच आणि उघड्या भिंतींच्या हॉलमध्ये घुमू लागले. बारा फूट लांबीच्या खोलीत 47 हर्ट्झच्या आसपासचा खर्जातला स्वर समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून फुगतो, हे विक्रीच्या वेळी कोणी सांगत नाही आणि तिथे ते ऐकूही येत नाही. स्पीकर भिंतीपासून दूर ओढले, जाड सतरंजी अंथरली, पुस्तकांचे कपाट हलवले, तेव्हा कुठे सुसह्य झाले. सासूबाई अजूनही विचारतात की कपाट दारात का आहे.

कर्वेनगरची ताई
शोरूमची बाजूही मांडायला हवी. पक्के बिल, हप्त्यांची सोय आणि घरपोच डिलिव्हरी या गोष्टी प्रत्येक छोट्या दुकानात मिळतातच असे नाही. आमच्या अँप्लिफायरचा खोका कोपऱ्यात दबलेला आला, तेव्हा फोटो पाठवताच दुसरा मिळाला. केबल आणि तिच्या टोकाचे बनाना प्लग मात्र आम्ही बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणले, कारण शोरूममधल्या केबलची किंमत ऐकून यजमान खालीच बसले.

पेठेतली श्रोती
ताई, तपकीर गल्लीत गाडी कुठे लावलीत, तेही लिहा. तो अनुभव अधिक उपयोगी पडेल.

निवृत्त अभियंता
षड्ज यांच्या तानपुऱ्याबद्दल एक सांगतो. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपातही आपण ऐकतो तो लाउडस्पीकरचाच आवाज असतो. कोणाच्या घरी बिनमाइकच्या बैठकीत तानपुरा जवळून ऐकलेला असेल, तरच शोरूममध्ये तुलना करता येते. रेकॉर्डिंग ब्लूटूथवरून न लावता तारेने जोडून लावायला सांगावे, कारण ब्लूटूथवर आवाज बहुधा आक्रसून पाठवला जातो आणि मग दोष स्पीकरचा की जोडणीचा, हे कळत नाही.

नवखा श्रोता
मला डेमो पीस बऱ्याच सवलतीत देऊ करत आहेत. घ्यावा का?

षड्ज
पुढची जाळी काढायला लावून मोबाइलच्या उजेडात ट्वीटरचा, म्हणजे वरचे स्वर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरचा, घुमट नीट पाहा. शोरूममध्ये लहान मुलांची बोटे तिथेच जातात. चेपलेला असल्यास घेऊ नका. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धरली जाईल, असे बिलावर लिहून घ्या आणि पैसे देण्यापूर्वी दोन्ही स्पीकर्सचे अनुक्रमांक वॉरंटी कार्डाशी ताडून पाहा.