‘ऐकलं नाही’ आणि ‘ओ दिली नाही’: हिब्रूतले ‘शामा’ व ‘आना’

प्रश्न : तनाखमधल्या, म्हणजे हिब्रू बायबलातल्या प्रार्थनांवर लिहितोय. इस्राएली लोकांना मिसरमधून बाहेर काढणाऱ्या मोशेची विनवणी फुकट गेली, त्यांचा पहिला राजा शौल याची हाकही. दोन्हींना ‘देव पावला नाही’ म्हटलं तर चालेल ना?

उत्तर : माझ्या मते नाही. ‘पावणे’ म्हणजे मागितलेलं पदरात पडणं. ते मूल नसलेल्या हन्नेला शोभतं. तिने ‘नेदर’ केला, म्हणजे अगदी आपला नवसच. मुलगा झाला आणि दूध सुटल्यावर शिलोच्या मंदिरात नेऊन देऊन तिने तो फेडलाही.

मोशेचं वेगळं. यार्देन नदीपलीकडचा, देवाने देऊ केलेला देश पाहू दे, म्हणून त्याने काकुळतीने विनवलं. पुढे तो स्वतःच सांगतो, ‘लो शामा एलाय’, त्याने माझं ऐकलं नाही. ‘शामा’ म्हणजे ऐकणे. ज्यूंच्या रोजच्या ‘शेमा’ प्रार्थनेतला धातू हाच. आपणही म्हणतो ना, ‘पोरगं माझं ऐकतच नाही’? कान शाबूत असतात, मान्य केलेलं नसतं. मोशेला उत्तर तर रोखठोक मिळालं : ‘राव लाख’, पुरे झालं तुझं, पुन्हा हा विषय काढू नकोस. पिसगा डोंगराच्या माथ्यावरून देश बघ, पलीकडे मात्र जाणार नाहीस. या प्रार्थनेला ‘अनुत्तरित’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

शौलाच्या वाट्याला आली ती शांतता. शत्रूंची, पलिष्ट्यांची छावणी पाहून त्याचा थरकाप उडाला. त्याने देवाला विचारलं, पण ‘व्लो आनाहू’, त्याने ओ दिली नाही : स्वप्नातून नाही, उरीमातून, म्हणजे याजकाच्या कौलातून नाही, संदेष्ट्यांकडूनही नाही. हा ‘आना’ धातू. कर्मेल डोंगरावर बआल या दुसऱ्या देवाचे संदेष्टे त्याला सकाळपासून दुपारपर्यंत ओरडतात तिथेही तोच : आवाज नाही, ओ देणारं कुणी नाही. म्हणून मी ‘आना’साठी ‘ओ देणे’ सुचवेन. ‘उत्तर देणे’ चूक नाही, पण त्याला परीक्षेच्या पेपरचा वास येतो; ‘ओ’ला आधी हाक लागते.

आणखी एक, कारण ते मला फार लागतं. शौलाचं हिब्रू नाव ‘शाऊल’, आणि या नावाचाच अर्थ ‘मागितलेला’. हन्ना मुलगा देवाला वाहताना जो शब्द वापरते, तोही ‘शाऊल’च. ज्याच्या नावातच मागणं आहे, त्यालाच ओ मिळत नाही.

प्रश्नकर्ता : पटलं. मग स्तोत्र २२? तिथे तर सुरुवातीलाच ‘दिवसा हाका मारतो, तू ओ देत नाहीस’ आहे.

उत्तर : तेच पुढे वाचा. सिंहाच्या जबड्यातून वाचव, अशी आज्ञार्थी याचना चालू असते. पुढची अर्धी ओळ रानबैलांच्या शिंगांपाशी येते आणि क्रियापद एकदम पालटतं : ‘अनिथानी’, त्याच ‘आना’चं रूप, ‘तू मला ओ दिलीस’. बरेच अनुवादक तिथेही ‘सोडव’ करून ओळ गुळगुळीत करतात. मी तसं करणार नाही. ‘वाचव मला सिंहाच्या जबड्यातून, रानबैलांच्या शिंगांवरून... तू ओ दिलीस!’