तुकडा कापला, भोक पाडलं, रंग फासला... तरी ते मॉकच?

ठोकळेबाज (धागाकर्ता)

आमच्या गटात परवा एकाने शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याचं मॉक दाखवलं. (नवख्यांसाठी: मॉक म्हणजे डब्यातली पुस्तिका बाजूला ठेवून स्वतःच्या डोक्याने रचलेलं लेगोचं मॉडेल.) बुरूज देखणे, वरचा नगारखाना तर अप्रतिम. पण कवाडांवरचे सुळे? मिनिफिगच्या (लेगोच्या छोट्या माणसांच्या) तलवारी कटरने छाटल्या, टाइलांना (वरून गुळगुळीत चपट्या तुकड्यांना) ड्रिलने भोकं पाडून त्यात खुपसल्या आणि वरून काळा स्प्रे मारला. गटात टाळ्यांचा पाऊस. मी म्हटलं, "मॉडेल सुंदर आहे, पण हे मॉक नाही." तिथे भांडण पेटलं म्हणून इथे सविस्तर लिहितो.

या विटेचं पेटंट 28 जानेवारी 1958 चं. तेव्हापासून मापं तीच: स्टडपासून (विटेवरच्या गोल उंचवट्यापासून) स्टड 8 मिलिमीटर, विटेची उंची 9.6, प्लेटची (पातळ विटेची) 3.2. तीन प्लेटा म्हणजे एक वीट, हे पोरांनाही कळतं. पाच प्लेटांची उंची 16 मिलिमीटर, म्हणजे बरोबर दोन स्टडांची रुंदी, हे कळलं की माणूस आमच्यात येतो. विटा आडव्या फिरवून स्टड बाजूला वळवायचे, ज्याला आपण स्नॉट म्हणतो, तो सगळा खेळ या एका हिशेबावर चालतो. सहा 2×4 (आठ स्टडांच्या) विटा एकमेकींत अडकवायचे प्रकार 91 कोटींहून जास्त आहेत. एवढं हाताशी असताना ड्रिल कशाला?

8 मिलिमीटरच्या जाळीत सगळं मावत नाही, हे मान्य. म्हणून तर काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवावं लागतं. मॉक करणाऱ्याची नजर तिथेच दिसते. कापायची मुभा घेतली की काही सोडावंच लागत नाही. मग फोमशीट आणि बाभळीच्या काड्या काय वाईट?

---

भोकरदनचा भोचक

आलं सोवळं! लेगोलँड या कंपनीच्या नावाच्या बागांमधली मिनीलँडची (छोट्या शहरांची) मॉडेलं गोंदाने चिकटवलेली असतात, आत लोखंडी सांगाडेही असतात. नेथन सवाया वकिली सोडून विटांची शिल्पं करायला लागला. 2007 पासून त्याची प्रदर्शनं संग्रहालयांत लागतात आणि तोही गोंद लावतो. त्याला सांगा "हे मॉक नाही" म्हणून.

---

ठोकळेबाज

भोचकराव, गोंद हा वेगळा मुद्दा. मिनीलँडवर ऊन-पाऊस आहे, सवायाची शिल्पं देशोदेशी प्रवास करतात. गोंद रचना टिकवतो. रचना गोंदाशिवायही तशीच असती. ड्रिलशिवाय हे सुळे असतेच का? एवढंच तपासा.

आणि सोवळंच म्हणाल तर आमच्यातले कट्टर लोकही लवचीक नळी किंवा दोरा हव्या त्या लांबीला कापू देतात.

---

संत्र्याची_फोड

नागपूरहून. मुंबई-पुणेकरांच्या या चर्चांत पैशाचा विषय कधीच का निघत नाही? खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 च्या अर्थसंकल्पात 20 टक्क्यांवरून 60 टक्के झालं, 2023 मध्ये 70. ब्रिकलिंकवर (सुट्या लेगो तुकड्यांचा ऑनलाइन बाजार) परदेशी दुकानदाराकडून हवे ते सुटे तुकडे मागवायचे, तर टपालखर्चच तुकड्यांच्या वर जातो. युरोपातला गडी नेमका तुकडा नेमक्या रंगात मागवतो आणि आठवड्यात त्याला मिळतो. आम्ही मुलीच्या जुन्या डब्यात जे आहे त्यातून भागवतो. करडा तुकडा नसेल तर मी रंगवणार. मूळ कंपनीचा परवडला नाही तर दुसऱ्या कंपनीचा जुळणारा ठोकळा लावणार. 2005 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने आणि 2010 मध्ये युरोपच्या न्यायालयाने सांगितलंय की स्टडवाल्या विटेचा आकार हा ट्रेडमार्क म्हणून एका कंपनीच्या मालकीचा होऊ शकत नाही. न्यायालयाला चालतं ते तुम्हाला का चालू नये?

---

प्लेटफुल

+1 संत्र्याताई. आणि "शुद्ध" कंपनीने तरी कुठे शुद्धता पाळली? 2004 मध्ये करडा रंगच बदलून निळसर केला. जुन्या आणि नव्या करड्या विटा शेजारी ठेवल्या की भिंत डागाळलेली दिसते. बसाल्टचा किल्ला करायला घेणाऱ्याला विचारा.

---

उत्तरध्रुव

डेन्मार्कात नोकरीनिमित्त राहतो, थोडं इथलं सांगतो. कंपनीच्या गावी, बिलुंडला 2017 मध्ये लेगो हाऊस उघडलं. त्याच्या सगळ्यात वरच्या दालनात हौशी लोकांची मॉक मांडतात. छताला आठ गोल झरोके आहेत, आकाशातून बघितलं तर 2×4 वीट. तिथे उभं राहिलं की कंपनी हौशी मंडळींना किती मान देते ते कळतं. आयडियाज या कंपनीच्या संकेतस्थळावर तर कोणीही मॉक टाकावं, 10,000 मतं मिळाली की कंपनी विचार करते आणि संच निघाला तर विक्रीतला एक टक्का कर्त्याला. पण त्या वाटेने जायचं असेल तर छाटलेली तलवार चालणार नाही, कारखान्यात तो तुकडाच नाही. त्यामुळे घरात वाट्टेल ते करा, पण मॉक दुसऱ्यालाही रचता यायला हवं असेल तर ठोकळेबाज बरोबर आहेत.

संत्र्याताईंच्या जुळणाऱ्या ठोकळ्यांना माझा विरोध नाही. फक्त लेपिन या चिनी नकली ब्रँडसारखा प्रकार नको. त्यांनी कंपनीचे संच तर चोरलेच, हौशी लोकांची मॉकही न विचारता डब्यात घालून विकली. 2020 मध्ये शांघायच्या न्यायालयाने त्यांच्या म्होरक्याला सहा वर्षांची कैद सुनावली.

---

संत्र्याची_फोड

चोरीचं कोण समर्थन करतंय? पण "दुसऱ्याला रचता यायला हवं" ही अट कुठून आली? मला दहा हजार मतं नकोत. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडताना आपण कोणाला पुस्तिका देतो का?

---

टग्या_पुणेकर

एवढ्या पैशात खरा शनिवारवाडा बघून या सगळ्यांनी. तिकीट स्वस्त आहे. बाकी चालू द्या.

---

भोकरदनचा भोचक

टग्या, बघितलाय म्हणूनच करतोय.

---

कोनाडा

मी व्यवसायाने साचे बनवते, म्हणून वेगळा मुद्दा. न कापताही तुकड्याचे हाल करता येतात. जेमी बेरार्ड, जो आधी आपल्यासारखाच हौशी होता आणि मग कंपनीत डिझायनर झाला, त्याने 2006 मध्ये एक सादरीकरण केलं होतं: कोणत्या जोडण्या "बेकायदा" आणि का. गाजलेलं उदाहरण म्हणजे दोन स्टडांच्या फटीत प्लेट उभी खुपसणं. कागदावर मापं जुळतात, स्टड 4.8 चा, फट 3.2 ची, प्लेटही 3.2 ची. प्रत्यक्षात प्लेट पाचरीसारखी अडकते आणि प्लास्टिकवर कायमचा ताण येतो. महिन्यांनी उघडलं तर पकड ढिली किंवा चीर. असली मॉक "शुद्ध" म्हणून मिरवतात. एक तलवार छाटली तर एक तलवार गेली. ताणलेल्या जोडणीत आजूबाजूच्या दहा विटा जातात. मला विचाराल तर पहिलं जास्त प्रामाणिक.

---

ठोकळेबाज

कोनाडाताई, सहमत, ताणलेल्या जोडण्यांना मीही नाक मुरडतो. पण इथे दोन्हींची गरज नव्हती. मिनिफिग 4 सेंटिमीटरचा, म्हणजे प्रमाण साधारण 1:42. खरा सुळा फूटभर, तो मॉडेलमध्ये 7 मिलिमीटर. आडवा दात असलेली 1×1 प्लेट कवाडात सरळ रचली की दात आपोआप बाहेर येतो. कापणं नाही, भोक नाही, ताण नाही. काळ्या रंगात मिळते.

---

नगारखाना

तलवारी छाटणारा मीच. लांबून मजा बघत होतो.

ती दातवाली प्लेट मी आधी लावून बघितली. दात वाकडा आहे, दरवाज्याचे सुळे सरळ आहेत. ते सोडा. एकेका कवाडावर नऊ बाय आठ असे 72 सुळे आहेत, हत्तीचं कपाळ येईल त्या उंचीवर. कवाडाची रुंदी 1:42 ला सहा-सात स्टड. एका स्टडला एक दात, नऊ बसवा बघू. तुमची 8 मिलिमीटरची जाळी इथे संपते साहेब.

---

ठोकळेबाज

मग नऊचे सहा करा. हेच तर म्हणतोय! किंवा प्रमाण वाढवा, दरवाजा दीडपट करा.

---

नगारखाना

दीडपट केला तर विटा कोण देणार, संत्र्याताई? आणि सहा केले तर प्रदर्शनात पहिला पुणेकर येऊन मोजेल.

---

टग्या_पुणेकर

मोजणारच.

---

कोनाडा

नगारखाना, टाइलांना भोकं पाडताना ड्रिल हळू फिरवा, एबीएस (विटांचं प्लास्टिक) तापून वितळतं आणि कडा फुगतात. फोटोत डावीकडची खालची रांग फुगलेली दिसतेय.

---

ठोकळेबाज

ठीक. प्रदर्शनात पाटीवर "तुकडे कापले, रंगवले आहेत" एवढं स्पष्ट लिहा, माझी हरकत संपली. न कापता करणाऱ्याच्या शेजारी तेच मॉडेल त्याच नावाने बसायला नको, इतकंच.

---

नगारखाना

लिहितो. तुम्ही तुमचा दरवाजा आणा, पाटीवर "सुळे अंदाजे" लिहून. दोन्ही एकाच टेबलावर ठेवू.