आठवीची मुलं कवितेवर स्वतःचं काही लिहीतच नाहीत, काय करावं?

खडूपेटी:
सातारा जिल्ह्यात सातवी-आठवीला मराठी शिकवते. कवितेवर प्रश्न विचारला की चाळीस वह्यांत एकच वाक्य, 'कवीने या ओळींतून जीवनाचे वास्तव मांडले आहे.' सरळ गाईडमधलं. निबंधातही तेच. 'पावसाळ्यातील एक दिवस' म्हटलं की प्रत्येकाच्या वहीत मोर पिसारा फुलवून नाचतो. हुशार मुलंही हेच लिहितात, याचं फार वाईट वाटतं. कोणी वर्गात करून पाहिलेलं काही सांगाल का?

तापीकाठ:
ताई, 'कवीला काय सांगायचं आहे' हा प्रश्न मी पहिल्या तासाला विचारायचाच सोडला. बहिणाबाईंची 'मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर' शिकवताना फळ्यावर तेवढंच लिहिलं आणि विचारलं, पिकातून ढोर कोणी हाकललंय? निम्म्या वर्गाचे हात वर. वीस मिनिटं नुसती ढोरांचीच चर्चा. एक मुलगा म्हणाला, 'सर, ज्वारीची चव लागलेलं ढोर काठीला भीत नाही. आपली पाठ वळायची वाट बघतं.' मी एवढंच विचारलं, मग मन कशाची वाट बघतं? वर्ग गप्प झाला. मी मध्ये बोललो नाही. नंतर एकीने वहीत लिहिलं, 'अभ्यासाला बसले की मन मामाच्या गावाला जातं, तिथं मला कोणी रागवत नाही.' माझ्या मते रसग्रहण ते हेच. 'रूपक' हा शब्द दुसऱ्या दिवशी सांगितला, लगेच समजला.

आमच्या जळगाव भागात घरी लेवा बोली, 'ळ'चा 'य' होतो. मुलांच्या वहीतला तो 'य' मी वर्षानुवर्षं लाल शाईने खोडत आलो. त्या दिवशी मागच्या बाकावरून आवाज आला, 'सर, वढाय म्हणजे ओढाळ ना? आमची आजी असंच बोलते.' एरवी ती मुलगी तोंड उघडत नाही. मग सांगितलं, बहिणाबाई इथल्याच, आसोद्याच्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. गाणी घरच्यांनी उतरवून घेतली, त्यांच्या पश्चात १९५२ साली त्यांचं पुस्तक झालं. तेव्हापासून गोष्ट लिहायला दिली की घरचे शब्द मी खोडत नाही. पात्राच्या तोंडी ते हवेतच.

भीमाथडी:
सरांशी सहमत. निबंधासाठी एक सुचवते, विषय लहान करा. 'पावसाळा' नको, 'आमच्या घरात पाणी कुठे गळतं' द्या. सातच ओळी, आणि 'सुंदर', 'रम्य', 'विलोभनीय' हे शब्द बंद. पहिल्या वाचनात ऱ्हस्व-दीर्घाला हात लावू नका, नाहीतर मूल येणाऱ्या शब्दांपुरतंच लिहितं. गुणांची काळजी असेल तर कृतिपत्रिकेचा, म्हणजे परीक्षेतल्या प्रश्नपत्रिकेचा, सराव वेगळ्या तासाला घ्या. दोन्ही एकत्र केलं की मुलं गुणांसाठीच लिहितात.

खडूपेटी:
दोघांचेही मनापासून आभार. आज गळक्या घराचा विषय दिला. एका मुलाने चारच ओळी लिहिल्या, जशाच्या तशा देते:
'आमच्या पत्र्याला भोक आहे. आई रात्री तिथं परात ठेवते. परात भरत आली की थेंबाचा आवाज बदलतो. मग आई झोपेतून उठते.'
वर्षभर या मुलाच्या वहीत मी 'अपूर्ण' असा शेरा मारत होते. आवाज बदलतो हे त्याने ऐकलंय, आणि आई त्याच आवाजाने उठते हे न समजावता लिहिलंय. उद्या कवितेच्या तासाला त्याच्या परवानगीने याच ओळी फळ्यावर लिहिणार आहे. आधी परातीबद्दल विचारीन.