थकलेल्या शिक्षकाच्या नजरेला शाळेला घाबरणारं मूल पडेल का?

तुकडी_ब
जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवते. शाळा बुडवणारं मूल दप्तर घेऊन निघतं आणि भलतीकडे जातं, घरच्यांना पत्ता नसतो. शाळेला घाबरणारं मूल घरीच असतं, आईच्या डोळ्यांसमोर. सकाळी पोट दुखतं, मळमळतं, आणि शाळेची वेळ टळली की बरं वाटू लागतं. हजेरीपटावर मात्र दोघांची गैरहजेरी सारखीच दिसते. फरक कळायचा तर महिन्याची ओळ मागे जाऊन वाचावी लागते: सोमवार, सुट्टीनंतरचा पहिला दिवस, चाचणीचा दिवस. ती ओळ वाचायला वेळ कुणाला आहे? हजेरी घेतानाच पोषण आहाराचे आकडे भरायचे असतात, वरून 'तात्काळ' माहिती मागितलेली असते. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 अशैक्षणिक कामांना मनाई करतं, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक वगळून. त्यामुळे बीएलओचं, म्हणजे मतदान केंद्राच्या मतदार यादीचं काम आमच्याच गळ्यात.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची तीन लक्षणं नोंदवली: शक्ती संपणं, कामापासून मन तुटणं, आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. मला दुसऱ्या लक्षणाची भीती वाटते. मन तुटलेल्या शिक्षकाला मूल आलं नाही तर चुटपुट लागत नाही, एक वही कमी झाली म्हणून सुटल्यासारखं वाटतं.

सातवीची_आई
ताई, तुमचा त्रास खरा आहे, पण कारण पटत नाही. माझ्या मुलीच्या बाईंना निवडणुकीचं काम नव्हतं, शाळा खाजगी होती. मुलगी गणवेश घालून दारापर्यंत यायची आणि चप्पल घालताना रडायला लागायची. शाळेने प्रत्येक वेळी डॉक्टरांचा दाखला मागितला. पोटात काही निघेना, तेव्हा "लाडावून ठेवलंय" असं ऐकवलं. महिन्याभराने कळलं, पीटीच्या तासाआधी कपडे बदलताना मुली तिला चिडवत होत्या. ती गैरहजर असायची त्या दिवशी पीटी असायचीच. वेळापत्रक शाळेच्याच भिंतीवर लावलेलं होतं! थकव्यावर बोट ठेवलं की कुणीच जबाबदार उरत नाही.

निवृत्त_मुख्याध्यापक
दोघींशीही थोडा असहमत. शिक्षकाने निदान करू नये, ते त्याचं काम नाही. आणि पालकांनी "राहू दे आजचा दिवस" म्हणणं थांबवावं. घरी राहिल्यावर भीती लगेच उतरते, म्हणूनच दुसऱ्या दिवशी पाय आणखी जड होतो. फरफटत आणणंही चूकच. आधी दोन तास, मग अर्धा दिवस, दाराशी घ्यायला ओळखीचं एक माणूस, असं हळूहळू आणावं.

तुकडी_ब
सर, दाराशी उभं राहणारं ते माणूस कोण? आमच्याकडे दोन शिक्षक, चार वर्ग. मी दाराशी गेले की दोन वर्ग उघडे.

सातवीची_आई
मला दारावर कुणी नको होतं. तिसऱ्या गैरहजेरीला एक फोन हवा होता: "काय होतंय तिला, कुठल्या तासाला होतंय?" दाखला मागायला जेवढा वेळ लागतो तेवढाच.

पदवीधर_शिक्षक
आई, फोन करावा, नक्कीच. पण आमच्याकडे शंभर टक्के उपस्थितीच्या वर्गाचं परिपाठाला कौतुक होतं. मग शिक्षक फोनवर एवढंच म्हणतो, "उद्या पाठवाच." भीतीचं विचारत नाही, कारण विचारलं तर मूल चार दिवस अर्ध्या वेळेनेच येईल आणि टक्केवारी घसरेल. हे कौतुक आधी बंद करा. त्याला ना शासनादेश लागतो ना निधी, मुख्याध्यापकाने ठरवलं की झालं.

निवृत्त_मुख्याध्यापक
ते कौतुक मी वर्षानुवर्षं केलं आणि आजही योग्यच मानतो. ऊसतोडीला जाणारी मुलं त्यामुळेच टिकली. एका मुलाच्या भीतीसाठी ते बंद करू नका, त्या मुलाला टक्केवारीतून वगळा.

सातवीची_आई
वगळण्याआधी ते मूल कोणतं, हे कुणाला तरी कळावं लागेल ना सर?