पोलिसाविरुद्धच तक्रार असेल तर एफआयआर कुठे करायची?

बचतगट_ताई:
नमस्कार. आमच्या गटातल्या एका बाईने नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार दिली होती, तर तक्रारीवरचा नंबर बघून तिथलाच एक हवालदार तिला रात्री अकरानंतर व्हॉट्सअ‍ॅप करायला लागला. आधी "जेवलात का", मग "केसमध्ये मदत करतो पण बाहेर भेटा", आणि आता सरळ लॉजचं नाव. नाही म्हणाली तर "मग तुमची केस तुम्हीच बघा". आम्ही दोघी ठाण्यात गेलो तर ठाणे अंमलदार म्हणाले अर्ज देऊन जा, चौकशी करू. त्यांच्याच माणसाची चौकशी तेच करणार का? कोणी म्हणतं सरकारी नोकर आहे, वरून परवानगी आल्याशिवाय केसच होत नाही. खरं आहे का? बाई पार घाबरलीये, मेसेज डिलीट करते म्हणते.

वकील_विदर्भ:
ताई, एकही मेसेज डिलीट करू देऊ नका, स्क्रीनशॉट काढाच पण फोनही जपून ठेवा. परवानगीचं साफ चूक आहे. अशा गुन्ह्यांना मंजुरी लागत नाही हे २०१३ च्या दुरुस्तीपासून कायद्यातच लिहिलंय, आता ते बीएनएसएस (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम २१८ च्या स्पष्टीकरणात आहे. शरीरसुखाची मागणी म्हणजे बीएनएस (जुन्या आयपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ७५, तीन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, आणि नको म्हटल्यावरही पिच्छा पुरवतोय म्हणून ७८. नुसता अर्ज देऊन परत येऊ नका, एफआयआरच मागा. त्या ठाण्यात नको वाटत असेल तर दुसऱ्या कुठल्याही ठाण्यात झीरो एफआयआर (हद्द न बघता घेतलेली एफआयआर) होते, जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो आणि प्रत फुकट मिळते. नाहीच घेतली तर एसपींना (जिल्ह्याच्या पोलीस प्रमुखांना) लेखी पोस्टाने पाठवा, पोचपावती ठेवा, तिथेही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे. आणि "जबाबाला ठाण्यात या" असा फोन आला तर जायचं नाही, साक्षीदार बाईचा जबाब ती राहते तिथेच घ्यायचा असतो (कलम १७९).

सातारकर७१:
कोर्टकचेरीत बाईचीच फरफट होते हो. एसपी साहेबांना भेटा, चांगले असतील तर दोन दिवसांत त्याची बदली करतील, विषय संपला.

वडसा_एक्सप्रेस:
सातारकर, विषय कसा संपला? नवीन ठाण्यात पण बायका तक्रार द्यायला येणारच ना, त्यांचे नंबर पण त्याच्याच हातात पडणार. बदली ही शिक्षा नाही, आणि खात्याची चौकशी म्हणजे गुन्ह्याची केस नाही.

मी देसाईगंजची, आमच्याकडे वडसा म्हणतात. इथल्याच पोलीस ठाण्यात २६ मार्च १९७२ च्या रात्री मथुरा नावाच्या एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला, तीच कायद्याच्या पुस्तकातली मथुरा केस. तिच्या भावाने तक्रार केली म्हणून जबाबाला बोलावलेली, वय जेमतेम १४ ते १६, घरचे बाहेर उभे. चंद्रपूरच्या सेशन कोर्टाने दोन्ही पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठाने १९७६ ला शिक्षा दिली, सुप्रीम कोर्टाने १९७८ ला परत सोडलं, का तर अंगावर जखमा नाहीत. ठाण्यात, पोलिसांच्या ताब्यात असलेल्या पोरीने झटापट करायला हवी होती! हे वाचलं की अजून अंगाची आग होते. १९७९ ला उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, ठिकठिकाणी बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कुठे १९८३ ला कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराला कमीत कमी १० वर्षं, आणि संबंध सिद्ध झाला आणि बाई म्हणाली माझी संमती नव्हती तर कोर्टाने तेच धरून चालायचं. पुढे २००५ ला मुंबईत मरीन ड्राइव्हच्या चौकीत कॉलेजच्या मुलीवर कॉन्स्टेबलने अत्याचार केला, त्याला वर्षभरात १२ वर्षांची शिक्षा लागली. म्हणजे केस उभी राहिली तर शिक्षा होते, अडतं ते ठाणे अंमलदाराच्या टेबलावर.

वकील_विदर्भ:
त्या टेबलासाठी पण कलम आहे, बीएनएस १९९. बलात्कार, विनयभंग, अश्लील बोलणं (७९) अशा ठरावीक गुन्ह्यांत एफआयआर घेतली नाही तर त्या पोलिसालाच ६ महिने ते २ वर्षं. ७५ आणि ७८ त्या यादीत नाहीत, म्हणून तक्रारीत त्याचे घाणेरडे शब्द जसेच्या तसे लिहा म्हणजे ७९ पण लागेल.

बचतगट_ताई:
खूप आभार सगळ्यांचे. मेसेज आहेत अजून, थांबवलं तिला. उद्या शेजारच्या ठाण्यात जातो आम्ही चौघी. पण वकिलाला द्यायला पैसे नाहीत तिच्याकडे.

वकील_विदर्भ:
लागत नाहीत. जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, बायकांना वकील मोफत, उत्पन्नाचा दाखलाही मागत नाहीत. महिला वकील हवी असं अर्जातच लिहा.